कुईसाकडे जाऊ नका

शनिवारी सकाळी साडेनऊला कासिमिरा मागच्या दाराने आत शिरली, तेव्हा अरान्सिबियांच्या दुकानासमोरची रांग लॉ कॉलेजच्या पायऱ्यांना टेकली होती. मार्चचा दुसरा आठवडा. नवी मुलं शिकायला सुक्रे शहरात उतरून दहा-बारा दिवसच झाले होते. कुणी पोतोसीचं, कुणी तारिखाचं, कुणी थेट चाकोच्या रानातून आलेलं. एर्मिनिया अरान्सिबिया काउंटरमागे उभी राहून दरवर्षीसारखी त्यांना वळण लावत होती.

"उभी धर! उभी! वरचा कोपरा चाव, आधी रस्सा पी. अंगावर सांडलास तर मित्रांना तू खाऊ घालायचं, हा इथला कायदा. काय? काटा? काटा या घरात फक्त आजारी माणसाला मिळतो. आजारी आहेस?"

पोरं हसत होती. पोटात रस्सा घेऊन भाजलेली ती करंजी, साल्तेन्या, सावरता सावरता त्यांची तारांबळ उडत होती.

मागच्या अंगणात एर्मिनियाची मुलगी सुल्मा भट्टीतून निघालेले पत्रे मांडत होती. कासिमिराचा चेहरा बघून तिने हातातला पत्रा खाली ठेवला. कासिमिरा वीस वर्षं कुईसांच्या दुकानात होती. ती इकडे कधी यायची नाही. सोयरीक असली तरी दोन्ही घरांचा धंदा एकच होता, आणि धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या भट्टीजवळ फिरकू नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"मालक नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत म्हणजे? बाजारात गेले असतील."

"दार सताड उघडं होतं, ताई. भट्टी पेटलेली. कणीक पाटावर तशीच पडलेली, वर पापुद्रा धरलाय. घड्याळ आणि लग्नाची अंगठी टेबलावर काढून ठेवलीय. डोक्याची टोपीसुद्धा घेतली नाही." तिने शालीच्या टोकाने तोंड दाबलं. "जानेतबाईला तुम्ही सांगा. माझ्याच्याने नाही होणार."

रेम्बेर्तो कुईसा बहात्तर वर्षांचे. गेली तीन वर्षं दुकानामागच्या खोलीत एकटे राहत होते. आणि गेले दहा दिवस त्यांच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं. का फिरकत नव्हतं, हे सुल्माइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सांगायची वेळ आलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात सुल्माची भावजय जानेत, कुईसांची मुलगी, उभी होती. दोन्ही हातांना पीठ, बोटांत अर्धवट मुरड घातलेली साल्तेन्या. तिने सगळं ऐकलं होतं.

"पप्पा अंगठी कधी काढत नाहीत," ती म्हणाली.

"मळताना काढतात की," सुल्मा म्हणाली.

"मळून झालं की घालतात."

हातातली साल्तेन्या ओट्यावर ठेवून, हात न धुताच, ती रस्त्यावर धावली.

*

अकरा वाजता एर्मिनियाने दुकान बंद केलं. नवऱ्याच्या मयतीनंतर पहिल्यांदाच. रांगेतली मुलं कुरकुरली, तिने फळी ओढून घेतली आणि अंगणात येऊन बाकावर बसली.

तिचा मुलगा वाल्तेर गाडी घेऊन सगळीकडे फिरून आला होता. दवाखाना, पोलीस चौकी, बाजार. कब्रस्तानात सासूच्या थडग्यापाशीही जाऊन आला. तिथली फुलं गेल्या आठवड्याची, सुकलेली.

"पोलीस म्हणतात, संध्याकाळपर्यंत थांबा. म्हातारी माणसं येतात म्हणे परत."

"आणि पूल?" जानेतने विचारलं.

गावाबाहेरच्या ओढ्यावरचा तो उंच पूल, त्याचं नाव घेताना सुक्रेतली माणसं आवाज खाली आणत. गेल्या हिवाळ्यात एक शाळामास्तर सकाळी फिरायला म्हणून तिकडे गेला होता, तो खाली सापडला.

"पूल पाहिलास का वाल्तेर?"

"पाहिला. वरून पाहिला."

"वरून? खाली उतरला नाहीस?"

"जानेत, खाली कुणी असतं तर लोक जमले असते."

जानेतने ॲप्रनच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. एर्मिनियाने तो लांबूनच ओळखला. लॉ कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे दरवर्षी मार्चमध्ये त्याचा गठ्ठा येई आणि नवी मुलं तो वहीत जपून ठेवत. वर मोठ्या अक्षरांत ‘नव्या पोटांसाठी’, खाली सही ‘एक जुनं पोट’. कुठे खावं, कुठे मुळीच खाऊ नये.

"ऐका," जानेत म्हणाली. "‘प्लाझाजवळचं चिनी हॉटेल: पोट भरतं, जीभ उपाशी राहते. बाजारातल्या वरच्या मजल्यावरची फळवाली: तिसरी बसते ती, पहिल्या दोघी पाणी घालतात. मठातल्या बायकांची बिस्किटं: देवाच्या नावाने खा, चवीची अपेक्षा ठेवू नका. अरान्सिबिया: रस्सा फक्कड, साखर जास्त, म्हातारीच्या तोंडाला लागू नका.’" तिचा आवाज इथे चिरकला. "‘कुईसा: या गावात एके काळी याच्या तोडीचं कुणी नव्हतं. आता कुईसाकडे जाऊ नका. मांसाला वास येतो. मी दोनदा खाल्लं, दोनदा आजारी पडलो.’"

तिने कागद टेबलावर आपटला.

"दहा दिवसांत माझ्या बापाचं दुकान ओस पडलं. चाळीस वर्षांचं दुकान! रोज पहाटे उठून ते साठ साल्तेन्या भाजतात आणि दुपारी कुत्र्यांना घालतात. कासिमिराने सांगितलं मला. ज्याने हे लिहिलं ना, त्याच्या जिभेला किडे पडोत."

"असं बोलू नये ग," एर्मिनिया पटकन म्हणाली. "कॉलेजची टवाळ पोरं लिहितात ते. त्यांना काय कळतं?"

बोलून तिने चोरून मुलीकडे पाहिलं. तिला सहा वर्षांपासून माहीत होतं. सुल्मा कॉलेजच्या कचेरीत टायपिस्ट होती. फेब्रुवारीत ती शनिवारी-रविवारीही कामाला जायची आणि त्याआधी महिनाभर गावभर खात हिंडायची. आई म्हणून एर्मिनियाला त्याचा अभिमानच होता. साखरेचं तेवढं तिला लागलं होतं. पण कुईसाची ओळ वाचली तेव्हा तिच्या मनात काय आलं होतं, ते आता आठवून तिला स्वतःचीच भीती वाटली. तिला बरं वाटलं होतं. वाल्तेर-जानेतच्या लग्नात ‘वरातीला साल्तेन्या कुणाच्या?’ यावरून व्याह्यांनी तिला चारचौघांत खाली पाहायला लावलं होतं, ते सोळा वर्षांनी फिटलं असं वाटलं होतं.

आणि आता त्या माणसाचं काही बरंवाईट झालं असलं तर?

"मुलं नाही लिहीत," जानेत म्हणाली. "मुलांना चाळीस वर्षांपूर्वीचा कुईसा कसा माहीत? हे कुणी जुनं माणूस आहे. आपल्या ओळखीचं. मी शोधून काढणार आहे, आई. पप्पा सापडोत, न सापडोत."

"मी लिहिलं," सुल्मा म्हणाली.

*

ताई गप्प बसेल अशी वाल्तेरला खात्री होती. सकाळपासून गाडी चालवताना तो एकच गोष्ट घोकत होता: ताई बोलणार नाही, आई बोलणार नाही, सासरे सापडतील, आणि हे सगळं आपोआप मिटेल. आता तो भिंतीला टेकून उभा होता.

जानेत ओरडली नाही. तेच जास्त वाईट होतं.

"तू," ती म्हणाली. "माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस माझ्या उशाशी बसलेली तू."

"मी खोटं लिहिलं नाही जानेत. मांस खरंच—"

"मग मला सांगायचंस! माझ्या कानात सांगायचंस! झेरॉक्स काढून वाटायचं?"

"ए, आवाज खाली," एर्मिनिया उठली. "माझ्या मुलीवर या घरात कुणी— तिने खरं ते लिहिलं. उद्या एखादं परक्याचं पोर विषबाधेने गेलं असतं म्हणजे?"

"हो, तुम्हाला तर आनंदच झाला असेल सासूबाई! एक दुकान कमी झालं!"

एर्मिनिया बाकावर परत बसली. सून नेमक्या जागी लागेल असं बोलली होती.

"मी लिहायला सांगितलं," वाल्तेर म्हणाला.

तिघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"उगाच अंगावर घेऊ नकोस आता, तिला वाचवायला," जानेत म्हणाली.

"खरंच मी सांगितलं." तो भिंतीपासून पुढे आला. "डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेलो होतो, पिठाची पोती द्यायला. मांस ओट्यावर उघडं. मी म्हटलं, मामा, हे कधीचं? म्हणाले, आत्ता आणलं. कासिमिराने मागून मला दोन बोटं दाखवली. दोन दिवस. जानेवारीत गेलो तर गॅस नुसताच सुरू, ज्योत नाही. ते शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले. मला म्हणाले, ‘ये गुस्तावो.’ जानेत, गुस्तावो म्हणजे तुझा काका. तो जाऊन तीस वर्षं झाली ना?"

जानेत टेबलावरच्या कागदाची पुन्हा घडी घालू लागली.

"मी तुला दोनदा सांगायला गेलो. तू म्हणालीस, माझ्या बापात खोट काढू नकोस, अरान्सिबियांना तेवढंच येतं. मग मला वाटलं, गिऱ्हाईक आलं नाही तर ते दुकान आपणहून बंद करतील. कुणाला काही बोलावं लागणार नाही. म्हणून ताईला म्हटलं, जाऊन खाऊन बघ. पटलं तरच लिही."

"तू मला सांगितलं नाहीस," जानेत सावकाश म्हणाली, "आणि सगळ्या गावाला सांगितलंस."

एर्मिनिया उठून सुनेजवळ गेली. मुलाला आयुष्यात कधी बोलली नव्हती असं बोलली: "नालायका. बायकोला घाबरून म्हाताऱ्याला उपाशी मारायला निघालास?" आणि जानेतच्या पिठाळ हातावर तिने आपला हात ठेवला. जानेतने तो झटकला नाही.

मग सुल्मा हळूच म्हणाली,

"म्हणजे ते पुलावर गेले नसतील."

"काय?"

"आपण सकाळपासून असं धरून चाललोय की माणूस अब्रू गेली म्हणून निघून गेला. पण गुस्तावोकाका जिवंत आहेत असं ज्याला वाटतं, तो माणूस आज सकाळी कुठल्या सालात उठला असेल? आणि त्या सालात तो कुणाकडे जाईल?" तिला बोलता बोलताच भीती वाटत होती, चुकलं तर पुलाखाली शोधायचा वेळ वाया जाणार होता. "जानेत, तुझे पप्पा दुसऱ्या कुणाच्या हातचं चांगलं म्हणायचे का? माझ्यासमोर कधी म्हटलं नाही. सगळ्या गावाला नावं ठेवायचे. माझ्यापेक्षा कडक."

"कुणाच्याच नाही," जानेत म्हणाली. मग तिने मान वर केली. "एकीच्या. योताला गावातली बाई. जिच्याकडे ते पोरवयात कणीक शिकले. पण ती मरून वीस वर्षं झाली."

वाल्तेरने गाडीची किल्ली उचलली.

*

योताला फार लांब नाही, अर्धा तास. रस्ता डोंगरावरून वळणं घेत दरीत उतरतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. सुल्मा मागे होती; जानेत पुढे बसली होती आणि प्रत्येक वळणावर खिडकीतून डोकं काढून खाली बघत होती. पप्पा चालत निघाले असतील का? बसने? त्यांच्याकडे पैसे होते का? एका वळणाला खाली खडकांवर काहीतरी पांढरं दिसलं. ती किंचाळली. वाल्तेरने करकचून ब्रेक दाबला. तिघंही उतरली. ती सिमेंटची रिकामी पोती होती.

परत गाडीत बसताना जानेत म्हणाली, "वाल्तेर, सापडले नाहीत तर मी त्या घरात परत येणार नाही."

"बरं," तो म्हणाला.

मागच्या सीटवर सुल्माने डोळे मिटून घेतले. लहानपणापासून तिला एकाच गोष्टीत अक्कल होती: काय चांगलं आणि काय वाईट ते तोंडात पडताक्षणी कळायचं. तेवढ्या बळावर तिने सहा वर्षं गावाला धाकात ठेवलं होतं. मजा वाटायची. कुईसांची ती साल्तेन्या खाताना मात्र मजा वाटली नव्हती. म्हातारा समोर उभा राहून विचारत होता, "कशी आहे पोरी?" आणि ती म्हणाली होती, "छान आहे काका." मग बाहेर येऊन भिंतीआड ओकली होती.

योतालात शनिवारची गर्दी होती. चौकात बायका टोपल्यांत पाव घेऊन बसल्या होत्या. जानेत आणि वाल्तेर बसथांब्याकडे विचारायला गेले. सुल्मा धुराच्या वासामागे गेली. चर्चच्या मागे एक जुनी मातीची भट्टी होती, शेजारी कमरेएवढी भिंत. भिंतीवर रेम्बेर्तो कुईसा बसले होते. पायांत घरातल्या सपाता, हातात कुणीतरी दिलेला चहाचा पेला. केसांना पीठ.

सुल्मा त्यांच्याशेजारी भिंतीवर बसली.

"काका."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. तिला वाटलं, आता मला भलत्याच नावाने हाक मारतील.

"सुल्मा," ते म्हणाले. "तुला कुणी पाठवलं? तुझ्या आईने? तिला सांग, साखर कमी कर."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काका, तो कागद... मी लिहिला. मला माफ करा."

"ठाऊक आहे. मठातल्या बिस्किटांना एवढं तोंडावर बोलणारं दुसरं कोण आहे गावात?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "वाचला मी. राग नाही आला. तू लिहिलंस मांसाला वास येतो. मग मी आत गेलो आणि मांस नाकाशी धरलं. असं, अगदी नाकाशी. मला काहीच आलं नाही ग. दुसऱ्या दिवशी लसूण धरला. जिरं धरलं. मग भट्टीत मुद्दाम पत्राभर साल्तेन्या जाळल्या. काही नाही."

"कधीपासून?"

"ते तू सांग. तुझ्या कागदावरून मला कळलं." ते भट्टीकडे बघत होते. "आज पहाटे कणीक मळली. लाटली. सारण घातलं. मग मुरड घालायची तर हात थांबले. पुढे काय ते आठवेना. हजार वेळा नाही, लाखो वेळा घातली असेल. हात नुसते हवेत राहिले. मी घाबरलो सुल्मा. बायको गेली तेव्हासुद्धा इतका घाबरलो नव्हतो. म्हटलं, बाईला विचारून यावं, ती रागावेल पण सांगेल. इथे आलो तर एक पोरगी बसलेली. म्हणते, आजी कधीच गेली." त्यांनी तिचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती. "पुढच्या कागदात लिही, कुईसा बंद. मुलांना तुझ्या आईकडे पाठव, पूल उतरल्यावरच्या त्या चोराकडे नको, तो रश्शात बटाटा कुस्करतो. आणि जानेतला यातलं काही सांगायचं नाही. माझी शपथ."

चौकातून जानेत धावत येत होती. एक चप्पल मागेच राहिली होती. तिने बापाला पाहिलं, आणि मिठी मारायच्या ऐवजी आधी त्यांचे हात, दंड, कपाळ चाचपून बघितलं. मग ती भिंतीपाशी मातीतच बसली.

"काय झालं? पप्पा, काय झालं? ताई, काय म्हणाले ते?"

म्हाताऱ्याने सुल्माचं मनगट अजून सोडलं नव्हतं. सुल्माने त्यांच्याकडे पाहिलं. ते हलकेच मान हलवत होते: नको.

‘माझ्या कानात सांगायचंस,’ जानेत म्हणाली होती.

"त्यांना वास येत नाही, जानेत," सुल्मा म्हणाली. "आणि आज पहाटे मुरड कशी घालायची ते विसरले. ते विचारायला इथे आले."

रेम्बेर्तोंनी तिचं मनगट सोडलं. त्यांनी तोंड फिरवलं, जणू कुणी त्यांना भर चौकात उघडं केलं होतं. वाल्तेर थोड्या अंतरावर येऊन थांबला. जवळ यावं की नाही, त्याला कळत नव्हतं.

जानेतने बापाच्या सपातांवरची माती झटकली. मग म्हणाली, "ताई, तुझ्याशी आणि ह्याच्याशी मी आज बोलणार नाही. उद्याही नाही बहुतेक."

"बरं," सुल्मा म्हणाली.

"पप्पा, इकडे बघा. दुकान आता उघडायचं नाही. मांस मी आणणार, गॅस मी लावणार. पण उद्या पहाटे मी तुमच्याकडे येते. आपल्या दोघांपुरत्या करू. चार-सहा. तुम्ही सांगा, मी मुरड घालते. तुम्हीच शिकवलीय मला."

"आणि मला सांगता आलं नाही तर?" ते म्हणाले. इतक्या लहान आवाजात, की भट्टीशी बसलेल्या पोरीनेही वळून पाहिलं.

जानेतचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता, आणि ती भीती आता जायची नव्हती, हे तिला कळलेलं दिसत होतं. तिने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, उरलेला गार चहा मातीत ओतला आणि त्यांना उठायला हात दिला.

"मग मी सांगेन," ती म्हणाली, "तुम्ही घाला."